पॅप-ए, पीएलजीएफ, बाइल ॲसिड... गरोदरपणातल्या रिपोर्टमधले आकडे वाचायचे कसे?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्या घरात दीड वर्षाच्या अंतराने दोन बाळंतपणं झाली, एक माझं आणि एक जाऊबाईंचं. माझ्या रिपोर्टने मला सहा महिने घाबरवून ठेवलं आणि जाऊबाईंच्या रिपोर्टने त्यांना नको त्या वेळी निर्धास्त केलं. तेव्हापासून हे आकडे डोक्यातून जात नाहीत.

आधी माझं सांगते. बाराव्या आठवड्यात डबल मार्कर केली. ट्रायसोमीचा (बाळात एक गुणसूत्र जास्त असण्याचा) धोका कमी आला, पण खाली एका ओळीत 'पॅप-ए ०.३१ एमओएम' आणि त्यापुढे लाल खूण. 'पुढच्या सोनोग्राफीत बघू' एवढंच सांगितलं गेलं. मी रात्ररात्र जागून वाचत बसले. बाळाची वाढ खुंटते, वार नीट काम करत नाही, बाळ पोटातच जातं, असं काहीबाही वाचलं आणि प्रत्येक वाक्य माझ्याबद्दलच आहे असं वाटायचं. मुलगी ३९व्या आठवड्यात झाली. वजन २.७ किलो, ठणठणीत.

जाऊबाईंचं उलटं झालं. तिसावा आठवडा सरत आला होता. दोन दिवस डोकं ठणकत होतं, उजव्या बरगडीखाली दुखत होतं. ॲसिडिटीची गोळी मिळाली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ०.९५, प्लेटलेट १ लाख १० हजार. क्रिएटिनिन छापील मर्यादेत, म्हणून त्याला खूणच नाही. प्लेटलेटला खूण होती, पण 'या दिवसांत थोड्या उतरतातच' म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी बीपी १७०/११०, प्लेटलेट ६२ हजार, तातडीने सिझेरियन. हेल्प सिंड्रोम, म्हणजे लाल पेशी फुटतात, यकृत बिघडतं, प्लेटलेट घसरतात. बाळ पाच आठवडे एनआयसीयूत होतं. आज दोघंही बरे आहेत, पण ते तीन दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो.

इथे वैद्यकीय क्षेत्रातले बरेच जण आहेत. कुठले मार्कर खरंच काही सांगतात, कुठले नुसते घाबरवतात, आणि हे आकडे हातात आल्यावर आपण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, यावर लिहाल का? 'डॉक्टरांना विचारा' हे तर करायचंच आहे. पण विचारायचं काय, तेच तर आम्हाला माहीत नसतं.

---

सूक्ष्मदर्शी

रानजाई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या दोन्ही अनुभवांमध्ये चूक एकच झाली आहे, आणि ती आमच्या बाजूची आहे, असं मला वाटतं. आकडा छापला, पण तो कशाच्या तुलनेत वाचायचा ते छापलं नाही.

आधी एमओएम. याचा अर्थ 'मध्यकाच्या किती पट'. पॅप-ए हे प्रथिन वारेत तयार होतं आणि पहिल्या तिमाहीत आठवड्यागणिक झपाट्याने वाढतं. त्यामुळे अकराव्या आणि तेराव्या आठवड्यातला आकडा एकच असला तरी अर्थ वेगळा. म्हणून त्याच दिवसांच्या गर्भारपणातला मधला आकडा १ धरायचा आणि तुमचा आकडा त्याच्या किती पट आहे ते लिहायचं. वजन, धूम्रपान, आयव्हीएफ, जुळं आहे का, याप्रमाणेही तो दुरुस्त करावा लागतो. दिवस चुकीचे धरले गेले की एमओएम चुकतो. त्यामुळे कमी पॅप-ए दिसला की पहिला प्रश्न हा: दिवस पाळीच्या तारखेवरून धरलेत की सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून?

०.४ च्या खाली हा बऱ्याच ठिकाणी मानलेला उंबरठा आहे. साधारण शंभरातल्या पाचजणी त्याच्या खाली असतात, आणि त्यातल्या बहुसंख्य बायकांची बाळं व्यवस्थित वाढतात. हे प्रथिन करतं काय, तर इन्सुलिनसारख्या एका वाढघटकाला बांधून ठेवणारी साखळी कापून त्याला मोकळं करतं. ते कमी असेल तर वारेचा पाया थोडा कच्चा असण्याची शक्यता वाढते. म्हणून शेवटच्या तिमाहीत बाळाच्या वाढीच्या सोनोग्राफी जास्त करायच्या आणि बीपीवर लक्ष ठेवायचं. त्या लाल खुणेचा अर्थ एवढाच होता. कुणीतरी पाच मिनिटं बसून तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता जाऊबाईंचं क्रिएटिनिन. गरोदरपणात मूत्रपिंडं जवळजवळ दीडपट रक्त गाळतात, त्यामुळे क्रिएटिनिन उतरतं. ०.४ ते ०.८ हा या दिवसांतला नेहमीचा पट्टा. ०.९५ हा एरवी साधा आकडा, पण तिसाव्या आठवड्यात डोकं दुखतंय, बरगडीखाली दुखतंय, प्लेटलेट उतरल्यात, अशा वेळी तो साधा नाही. छापील मर्यादा गरोदर नसलेल्या माणसाची होती, म्हणून संगणकाने खूण केली नाही. प्लेटलेट या दिवसांत उतरतात हे खरं. पण त्या लक्षणांसोबत उतरल्या तर त्याच नमुन्यातून एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतं) आणि यकृताची एएसटी, एएलटी बघायलाच हवी होती.

उलट्या बाजूची उदाहरणंही सांगतो. अल्कलाइन फॉस्फटेज दुप्पट-तिप्पट दिसतं, कारण वार स्वतःच ते बनवते. यकृत बिघडलेलं नसतं. पांढऱ्या पेशी कळा सुरू असताना २० हजारांच्या वर गेल्या तरी तेवढ्यावरून जंतुसंसर्ग म्हणता येत नाही. डी-डायमर (रक्ताच्या गुठळीची शंका आली की बघतात ते) तर जवळजवळ सगळ्यांचंच वाढलेलं असतं. टीएसएच पहिल्या तिमाहीत खाली जातं, कारण गर्भधारणेचं एचसीजी संप्रेरक थायरॉइडला थोडं चेतवतं. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) खोटं कमी दिसू शकतं, लाल पेशींचं आयुष्य या काळात घटतं म्हणून.

---

आभाळवेडी

सूक्ष्मदर्शी, क्रिएटिनिनची गोष्ट मला आज कळली. दोन बाळंतपणं झाली माझी!

---

नाळ_नातं

मी प्रसूतितज्ज्ञ. पीएलजीएफबद्दल लिहिते, कारण गेल्या वीस वर्षांत आमच्या क्षेत्रात प्रीएक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात बीपी चढून इतर अवयवांवर परिणाम करणाऱ्या आजाराच्या) तपासणीत झालेला सर्वांत मोठा बदल माझ्या मते हाच आहे.

प्रीएक्लॅम्प्सियाचं मूळ बहुतेकदा वारेत असतं. गर्भ रुजताना वारेच्या पेशी गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये शिरून त्या रुंद, सैल करतात. हे काम अर्धवट राहिलं की वारेला पुरेसं रक्त मिळत नाही आणि ती आईच्या रक्तात एक प्रथिन जास्त सोडू लागते, एसफ्लट-१. हे रक्तात तरंगत राहतं आणि वाहिन्यांना निरोगी ठेवणाऱ्या घटकांना पकडून निकामी करतं. त्या घटकांपैकी एक म्हणजे पीएलजीएफ, वारेचा वाढघटक. आधार सुटला की वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मग बीपी चढतं, मूत्रपिंडाची गाळणी गळू लागून लघवीत प्रथिन येतं, यकृत आणि मेंदूवर परिणाम होतो.

२००३ साली आनंद करुमंची यांच्या गटाने हे दाखवलं. उंदरांच्या अंगात एसफ्लट-१ वाढवलं, तर त्यांचं बीपी चढलं आणि लघवीत प्रथिन आलं. २००४ मध्ये हेही दिसलं की बायकांमध्ये लक्षणं दिसण्याच्या काही आठवडे आधीपासून रक्तातले हे आकडे हललेले असतात.

आज आपण दोघांचं गुणोत्तर बघतो, एसफ्लट-१ भागिले पीएलजीएफ. २०१६ मध्ये आलेल्या प्रॉग्नोसिस अभ्यासात २४ ते ३७ आठवड्यांच्या, शंका असलेल्या बायका होत्या. गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होणार नाही, हे ९९.३ टक्के वेळा खरं ठरलं. ३८ च्या वर असलेल्यांपैकी चार आठवड्यांत प्रत्यक्ष आजार झाला तो ३६.७ टक्के जणींना. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. 'नाही' सांगताना तपासणी फार पक्की आहे, 'हो' सांगताना ती फक्त लक्ष वाढवा म्हणते. आजार आहे असं म्हणायला उंबरठा वर असतो: ३४ आठवड्यांआधी ८५, त्यानंतर ११०.

२०१९ च्या पॅरट चाचणीत पीएलजीएफचा निकाल डॉक्टरांना कळवला तेव्हा निदानाला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला. दोन दिवस म्हणजे फार नाही असं वाटेल. रानजाईंच्या जाऊबाईंकडे तेवढेच दिवस होते.

---

रानजाई

शेवटचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ. जाऊबाईंनाही वाचून दाखवलं. खूप आभार.

---

पाऊलखुणा

नमस्कार, मी इथे नेहमी वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. मला सव्विसावा आठवडा चालू आहे, पहिलटकरीण. गेल्या दोन वेळा बीपी १३८/८८ आणि १४०/९० आलं. लघवीत काही नाही. डॉक्टरांनी हेच गुणोत्तर करायला सांगितलंय, परवा रक्त देणार आहे. धागा वाचून एकीकडे धीर आला, दुसरीकडे आकडा ३८ च्या वर आला तर काय, या विचाराने रात्री झोप नाही.

---

शक्याशक्य

पाऊलखुणा, मी डॉक्टर नाही, आकडेमोड शिकवतो. कुठल्याही चाचणीचा निकाल वाचताना हे गणित डोक्यात असावं म्हणून लिहितो. हे आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत, कुठल्याही खऱ्या तपासणीचे नाहीत.

समजा १००० गरोदर बायका आहेत आणि त्यातल्या २० जणींना पुढे त्रास होणार आहे. तपासणी त्यातल्या ८० टक्के पकडते, म्हणजे १६. उरलेल्या ९८० निरोगी बायकांपैकी १० टक्क्यांना ती चुकून धोका दाखवते, म्हणजे ९८. आता लाल खूण आलेल्या एकूण ११४, त्यात खरा त्रास होणाऱ्या १६. म्हणजे लाल खूण आलेल्या सातजणींत एक. दुसरीकडे खूण न आलेल्या ८८६ जणींत त्रास होणाऱ्या फक्त ४.

तपासणी तीच राहते, पण आजार जितका विरळ तितकी लाल खूण फसवी आणि हिरवी खूण भरवशाची. रानजाईंची पॅप-एची खूण याच हिशोबातली. म्हणून 'तपासणी ८० टक्के अचूक आहे' या वाक्यावर थांबू नका. 'माझ्यासारख्या लाल खूण आलेल्या शंभर जणींपैकी कितींना खरंच त्रास झाला?' असं विचारा. उत्तर ऐकून बहुतेकदा छातीवरचं ओझं कमी होतं.

---

नाळ_नातं

पाऊलखुणा, आकडा ३८ च्या वर आला तर तुम्हाला जास्त वेळा बोलावतील, बीपी घरी मोजायला सांगतील, बाळाची वाढ आणि नाळेतलं रक्त डॉप्लरने बघतील. खाली आला तरी डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, बरगडीखाली दुखणं, अचानक सूज यांतलं काहीही झालं तर आकड्याकडे न बघता थेट दवाखाना गाठायचा. ३८ चा दिलासा त्या एका आठवड्यापुरता आहे. शंका राहिली तर तपासणी पुन्हा करतात. बीपी १६०/११० असेल तर कुठल्याही मार्करची वाट बघायची नसते.

---

वाटसरू७

बायकोच्या वतीने लिहितो. तेहतिसाव्या आठवड्यात तिला खाज सुटायला लागली. तळहात आणि तळपाय, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ एकही नाही. आम्ही त्वचा कोरडी पडली म्हणून मलम लावत राहिलो. दहा दिवस गेले. एका ओळखीच्या नर्सबाईंनी विचारलं, 'बाइल ॲसिड बघितलं का?' बघितलं तर ११२.

त्या दिवसापर्यंत मला हा शब्दही माहीत नव्हता. यकृतातून पित्त नीट वाहत नाही, पित्तातली आम्लं रक्तात साचतात, आईला खाज येते आणि बाळाला धोका असतो. १०० च्या वर आकडा होता म्हणून छत्तिसावा आठवडा लागायच्या आत प्रसूती करवली. मुलगा बरा आहे. पण ते दहा दिवस आम्ही मलमात घालवले, ते मी विसरू शकत नाही. ही खाज कुणी हलक्यात घेऊ नका एवढंच सांगायचं होतं.

---

सूक्ष्मदर्शी

वाटसरू, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हा मार्कर मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आकड्यावरून पुढचं पाऊल ठरतं. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं. बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण बाइल ॲसिड ४० च्या खाली असताना ०.१३ टक्के, ४० ते ९९ असताना ०.२८ टक्के आणि १०० किंवा त्यावर गेलं की ३.४४ टक्के. म्हणजे धोका हळूहळू वाढत जात नाही, १०० पाशी एकदम उसळतो. ज्यांचा आकडा २५-३० आहे त्यांना उगाच लवकर प्रसूतीकडे ढकलायचं कारण नाही, आणि ११२ असेल तर थांबायचं कारण नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, आकडा एका आठवड्यात बदलू शकतो. पहिल्यांदा २२ आला आणि खाज वाढतच राहिली तर पुन्हा तपासायचा. दोन, फक्त यकृताच्या नेहमीच्या तपासण्या करून 'सगळं ठीक' म्हणता येत नाही. काही वेळा एएलटी साधी असते आणि बाइल ॲसिड वाढलेलं असतं. ते वेगळं मागावं लागतं.

खाजेसाठी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. २०१९ च्या पिचेस चाचणीत त्याने बाळाच्या बाबतीतले परिणाम सुधारले नाहीत. त्यामुळे गोळी चालू आहे म्हणून तपासणी थांबवू नये.

---

मोरपीस

माझा अनुभव दिलासा देणारा आहे, तोही असू दे इथे. एकोणतिसाव्या आठवड्यात कळांसारखं पोट आवळायला लागलं. रात्री दोनला दवाखान्यात. तिथे योनीमार्गातून एक नमुना घेतला, फीटल फायब्रोनेक्टिनसाठी. निगेटिव्ह आला. गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजली, ३१ मिमी. डॉक्टर म्हणाल्या, घरी जाऊन झोपा. मला खरं वाटेना. पण खरंच काही झालं नाही, ४०व्या आठवड्यात बाळ झालं.

त्या तपासणीत नक्की काय बघतात, कुणी सांगेल का?

---

नाळ_नातं

फायब्रोनेक्टिन म्हणजे बाळाची पिशवी आणि गर्भाशयाचं अस्तर यांच्यामधला डिंक समजा. सुरुवातीच्या महिन्यांत तो योनीमार्गात सापडतो, मग २२-२४ आठवड्यांनंतर दिसेनासा होतो, आणि दिवस भरत आले की पुन्हा दिसतो. मधल्या काळात तो सापडला तर जोड सुटायला लागली आहे का, अशी शंका येते. १९९१ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं गेलं. उंबरठा ५० नॅनोग्रॅम प्रति मिली.

तुम्हाला घरी का सोडलं, ते इथे आहे: निगेटिव्ह आला तर पुढच्या ७ दिवसांत प्रसूती होणार नाही, हे ९९ टक्क्यांहून जास्त वेळा खरं ठरतं. पॉझिटिव्ह आला असता तरी दोन आठवड्यांत प्रसूती होणारी सहांत एकच असते. शक्याशक्य यांनी मांडलेलं गणितच परत. नमुना घेण्याआधी २४ तासांत संबंध आला असेल, रक्तस्राव असेल किंवा आतून तपासणी झाली असेल, तर निकाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. लाज न बाळगता हे आधी सांगावं.

याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम नेमकं वेळेवर द्यायचं असतं. स्टेरॉइडचा सर्वांत चांगला परिणाम दिल्यापासून आठवडाभरात प्रसूती झाली तर मिळतो. जिला गरज नाही तिला उगाच दिलं, तर खरी गरज लागेल तेव्हा तो काळ निघून गेलेला असतो.

---

आभाळवेडी

माझा सूर थोडा वेगळा आहे, रागावू नका. हे सगळं वाचून असं वाटतं की आता प्रत्येक गर्भार बाईचं दर महिन्याला बाटलीभर रक्त काढायचं आणि तिला आकड्यांच्या धाकात ठेवायचं. रानजाईंचे ते सहा महिने कुणी परत देणार आहे का? कमी तपासण्या हाही एक उपाय नाही का?

---

नाळ_नातं

आभाळवेडी, रागावण्यासारखं काहीच नाही यात. मी विद्यार्थ्यांना सांगते, आकडा आल्यावर तुम्ही काही वेगळं करणार नसाल तर ती तपासणी लिहू नका. पीएलजीएफ आणि एसफ्लट-१ चं गुणोत्तर सरसकट सगळ्यांचं करायचं नाही, शंका असलेल्यांचंच करायचं. फायब्रोनेक्टिनही लक्षणं असतील तरच.

पण पहिल्या तिमाहीतली एक तपासणी मला सरसकट हवी आहे. आईची माहिती, बीपी, गर्भाशयाच्या धमनीचा डॉप्लर आणि पीएलजीएफ मिळून ११ ते १४ आठवड्यांत प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका काढता येतो. कारण इथे करण्यासारखं काहीतरी आहे. २०१७ च्या ॲस्परे चाचणीत जास्त धोक्याच्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांदरम्यान सुरू करून ३६व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिग्रॅ ॲस्पिरिन दिलं. ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रकारात मात्र तसा फरक दिसला नाही. बाळाला धोक्यात घालणारा, लवकरचा, वारेच्या कच्च्या पायाचा जो प्रकार, तोच टळतो.

आणि वेळ महत्त्वाची. वारेचा पाया पहिल्या चार-पाच महिन्यांत घातला जातो. सातव्या महिन्यात ॲस्पिरिन सुरू करून त्या पायाचं काही होत नाही. कुणी हे वाचून स्वतःहून गोळी सुरू करू नये, दमा, अल्सर, रक्तस्रावाची प्रवृत्ती हे आधी बघावं लागतं.

---

रानजाई

आभाळवेडी, माझे सहा महिने त्या तपासणीने नाही घेतले. ती तपासणी हातात देऊन कुणी बोललं नाही, त्याने घेतले. मला तर उलट वाटतं, माझी वाढीची सोनोग्राफी नीट झाली ती त्या लाल खुणेमुळेच.

---

रात्रपाळी

मी प्रसूतिकक्षात काम करते, चौदा वर्षं झाली. तुम्ही सगळे गरोदरपणाबद्दल लिहिताय, मी कळांच्या वेळचं आणि नंतरचं सांगते. इथे आकड्यांना दिवस मिळत नाहीत, मिनिटं मिळतात.

बाळाचे ठोके बिघडताना दिसले आणि खात्री होत नसेल, तर काही ठिकाणी बाळाच्या डोक्यावरून रक्ताचा एक थेंब घेतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एरिक झालिंग यांनी ही पद्धत आणली. पीएच ७.२५ च्या वर असेल तर बाळ ठीक, ७.२० किंवा खाली गेला तर प्रसूती लवकर करायची. हल्ली लॅक्टेटही (प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढतं ते) बघतात, कारण त्याला रक्त कमी लागतं, ४.८ च्या वर गेलं की चिंता. सगळीकडे हे होत नाही आणि त्याच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. बाळ जन्मल्यावर नाळेच्या धमनीतला पीएच मात्र मला फार मोलाचा वाटतो. तो ७.० च्या खाली असेल तर बाळाने जन्मताना गंभीर प्राणवायूटंचाई सोसली असं समजतात आणि त्याच्याकडे पुढचे तास बारकाईने बघतात.

पण मला खरं लिहायचंय ते फायब्रिनोजेनबद्दल. रक्त गोठवणारं हे प्रथिन एरवी २ ते ४ ग्रॅम प्रति लिटर असतं, आणि दिवस भरल्यावर ४ ते ६. शरीर बाळंतपणातल्या रक्तस्रावाची तयारी करून ठेवतं. एकदा एका बाईला वार पडल्यावर रक्तस्राव सुरू झाला. रिपोर्ट आला, फायब्रिनोजेन २.१. कागदावर 'मर्यादेत'. नवीन आलेली मुलगी म्हणाली, नॉर्मल आहे. आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी कागद बघितला आणि तिथल्या तिथे रक्तपेढीला फोन लावला. त्या बाईचा आकडा काही तासांपूर्वी ५ च्या आसपास असणार, म्हणजे निम्म्याहून जास्त संपला होता.

२००७ मध्ये फ्रान्समधून एक अभ्यास आला होता, १२८ बायकांचा. रक्तस्राव सुरू असताना ज्यांचं फायब्रिनोजेन २ च्या खाली होतं, त्या सगळ्याजणींचा रक्तस्राव पुढे गंभीर झाला. सगळ्या. म्हणून २.१ ला मी कधीच नॉर्मल म्हणत नाही. सूक्ष्मदर्शी यांनी क्रिएटिनिनबद्दल लिहिलं ते वाचताना मला हीच रात्र आठवली.

---

सूक्ष्मदर्शी

रात्रपाळी, हा प्रतिसाद मी छापून आमच्या लॅबमध्ये लावणार आहे, तुमची हरकत नसेल तर. गरोदर बाईचा नमुना आला की तिमाहीप्रमाणे मर्यादा छापायची, हे आम्ही मागच्या वर्षी सुरू केलं. अडचण एकच आहे. फॉर्मवर आठवडा लिहिलेलाच नसतो. दहातल्या सात-आठ फॉर्मवर तो रकाना कोरा येतो. तुम्ही रक्त द्यायला जाल तेव्हा स्वतः सांगा, लिहून घ्यायला लावा.

---

रात्रपाळी

खुशाल लावा.

---

शक्याशक्य

एक शंका. आईच्या रक्तातल्या डीएनए-आरएनएवरून हे सगळं आधीच कळेल असं मध्यंतरी वाचलं होतं. ते कुठवर आलंय?

---

सूक्ष्मदर्शी

बाळाचा डीएनए आईच्या रक्तात तरंगत असतो हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं, आणि ट्रायसोमीची आजची रक्ततपासणी त्यावरच उभी आहे. आरएनए त्याच्या पुढचं. डीएनएवरून बाळाची जडणघडण कळते, आरएनएवरून या क्षणी वारेत काय चाललंय ते कळू शकतं. २०१८ मध्ये एका छोट्या अभ्यासात अकाली प्रसूतीचे, आणि २०२२ मध्ये प्रीएक्लॅम्प्सियाचे संकेत महिनोन्महिने आधी दिसल्याचं प्रसिद्ध झालं. मला याबद्दल मोठी आशा आहे. पण आज कुणी दवाखान्यात निर्णय घेण्यासाठी यावर विसंबावं असं मी म्हणणार नाही.

---

पाऊलखुणा

सगळ्यांना नमस्कार. बऱ्याच आठवड्यांनी आले. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून पुढचं सांगणं मला माझं कामच वाटतं.

सव्विसाव्या आठवड्यात गुणोत्तर ११ आलं. त्या रात्री मी खरंच झोपले. तिसाव्यात २९. तेहतिसाव्यात बीपी १४६/९४ आणि गुणोत्तर ७४. घाबरले, पण डॉक्टरांना तुम्ही सुचवलेलाच प्रश्न विचारला: शंभरजणींपैकी कितींना? त्यांनी खुर्ची पुढे ओढून मला सगळं समजावलं. घरी बीपी मशीन आणलं, वहीत सकाळ-संध्याकाळ नोंद केली. पस्तिसाव्यात लघवीत प्रथिन आलं, गुणोत्तर १३० वर गेलं, दाखल झाले. प्लेटलेट, क्रिएटिनिन, एलडीएच दर दोन दिवसांनी बघत होते. फॉर्मवरचा आठवड्याचा रकाना प्रत्येक वेळी मीच भरला.

३७ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणवल्या. मुलगी, २.४ किलो. नाळेचा पीएच ७.२८, हेही विचारून घेतलं.

आज तिसरा दिवस. उद्या घरी सोडतील म्हणतात.

---

नाळ_नातं

पाऊलखुणा, मनापासून अभिनंदन! मुलीला आशीर्वाद.

मशीन मात्र कपाटात ठेवू नका. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सर्वांत जास्त चढतं, आणि नेमकी तेव्हाच आई घरी गेलेली असते. वार निघाली की एसफ्लट-१ उतरायला लागतं, पण वाहिन्यांना सावरायला वेळ लागतो. पुढचे दोन आठवडे वही चालू ठेवा. १५० च्या वर गेलं की फोन करा, १६०/११० ला थेट निघा. डोकं ठणकलं तर झोप कमी झाली म्हणून सोडून देऊ नका. सहा ते बारा आठवड्यांनी लघवीतलं प्रथिन पुन्हा तपासा. आणि हे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्याच्या आत ती फाइल डॉक्टरांसमोर असली पाहिजे.

---

पाऊलखुणा

लिहून घेतलं. आज सकाळी १४२/९०, आत्ता १३८/८८. मशीन पिशवीत सर्वांत वर ठेवलंय. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, रानजाईताई.

---

रानजाई

सांगितला. त्या म्हणाल्या, चौथ्या दिवशी रात्री नक्की मोज म्हणावं, त्यांचं तेव्हाच चढलं होतं.